मुलाचा पगार आईच्या उत्पन्नात का मोजायचा?

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, दिव्यांग, दुर्धर आजाराने ग्रासलेले, ज्यांच्यामागे कुणी उभं नाही असे ६५ वर्षांच्या आतले लोक. त्यांना दरमहा थोडी रोख रक्कम द्यायची, एवढा तिचा साधा हिशेब. पासष्टीनंतरच्यांसाठी श्रावणबाळ योजना. विधवेला मिळणारी रक्कम २०२३ पर्यंत हजाराच्या घरात होती, मग १,५०० झाली. विधवेच्या पात्रतेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. वर्षाला, महिन्याला नव्हे. म्हणजे महिना १,७५० रुपये.

या योजनेच्या माहितीपत्रकांत वर्षानुवर्षे छापलेली एक अट आहे, तिच्याबद्दल हा लेख. लाभार्थ्याची मुलं २५ वर्षांची होईपर्यंत किंवा नोकरीला लागेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर पैसे मिळणार. नोकरी सरकारी असो, निमसरकारी असो की खाजगी. त्याला जोडून एक सवलत: लाभार्थ्याला फक्त मुलीच असतील, तर त्या पंचविशीच्या झाल्या किंवा त्यांची लग्नं झाली तरी लाभ चालू राहील.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचली की सरकारच्या डोक्यात कुटुंबाचं कोणतं चित्र आहे ते कळतं. मुलगा म्हणजे आईचा विमा. तो शिकतोय तोवर हप्ते चालू आहेत, शिक्षण संपलं की पॉलिसी पिकली. मुलगी म्हणजे दुसऱ्याच्या घरचं धन, तिच्या कमाईवर आईचा हक्क नाही, म्हणून तिला हिशेबात धरायचं नाही. हे चित्र कुणा एका अधिकाऱ्याने काढलेलं नाही. आपण सगळे घरात जे बोलतो तेच नियमात उतरलं आहे. पण घरात बोलणं वेगळं आणि त्यावरून विधवेचे पैसे तोडणं वेगळं.

आता प्रत्यक्ष हिशेब करून बघू. सोलापुरात विडी वळणारी एक विधवा बाई घ्या, अशी घरं तिथे गल्लीगल्लीत आहेत. मुलाने आयटीआयमधून फिटरचा ट्रेड केला आणि चाकणला एका कारखान्यात कंत्राटदाराकडून लागला. ठरलेला पगार १४,०००. पीएफचे १२ टक्के, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का, व्यवसाय कराचे २०० गेले की हातात येतात बारा हजार. चौघांनी मिळून घेतलेल्या खोलीत त्याचा वाटा अडीच हजार, मेसचे साडेतीन. सेफ्टी शूज स्वतःचे, मोबाइलचा रिचार्ज, सणाला एसटीने घरी जाणं-येणं, दहावीपासून आईने उसनवारी करून भरलेल्या पैशांची परतफेड. पोरगा गुणाचा आहे असं धरू. तो महिन्याला तीन हजार घरी पाठवतो.

कागदावर मात्र त्या घरात वर्षाला १ लाख ६८ हजार आले. मर्यादेच्या आठपट. निराधारचे १,५०० गेले. केशरी शिधापत्रिकेची मर्यादा वर्षाला एक लाख, तीही ओलांडली, म्हणजे रेशनचं धान्यही धोक्यात. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो मिळतं, २०२३ च्या जानेवारीपासून फुकट. दोघांचे दहा किलो धान्य बाजारात घ्यायचं तर तीन-साडेतीनशे रुपये कुठे गेले नाहीत. मुलाने पाठवलेल्या तीन हजारांतून आईच्या पदरात नवीन पडले ते अकराशे-बाराशे. चौदा हजारांच्या नोकरीचा त्या घराला झालेला हा निव्वळ फायदा. अंत्योदयचं कार्ड असेल, म्हणजे घरटी ३५ किलो, तर तेवढाही नाही.

कोणी म्हणेल, मग आता लाडकी बहीण आहे ना, तिथेही १,५०० च मिळतात आणि मर्यादा अडीच लाखांची आहे. बरोबर आहे, आणि म्हणूनच सगळा प्रकार जास्त चमत्कारिक वाटतो. तेच राज्य, तीच रक्कम. एका योजनेत अडीच लाखांच्या घरातली बाई गरजू ठरते आणि दुसरीत २१,००० च्या वरची विधवा निराधार ठरत नाही. शिवाय २०२४ मध्ये लाडकी बहीणचे अर्ज भरले जात होते तेव्हा ही बाई निराधारचे पैसे घेत होती, म्हणून तिथे अपात्र होती. ऑक्टोबरमध्ये अर्ज घेणं थांबलं. नंतर मुलगा कामाला लागला आणि निराधारही गेलं, तर ती दोन्हीकडून बाहेर. आपल्या गरिबीची वेळ तिला साधता आली नाही, एवढाच तिचा दोष.

एक आकडा मला नेहमी डाचतो. ईएसआय योजनेत कामगाराला घेण्याची पगारमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये आहे, महिन्याची. म्हणजे महिना २१,००० मिळवणाऱ्या माणसाला आजारपणात स्वतःच्या जोरावर उभं राहता येणार नाही, त्याला संरक्षण हवं, असं एक सरकार मानतं. आणि अख्ख्या वर्षात २१,००० मिळाले तर त्या घराला आधाराची गरज उरत नाही, असं दुसरं मानतं. त्याच ईएसआयच्या कार्डावर तो मुलगा आपल्या आईचं नाव अवलंबित म्हणून घालू शकतो. आईला जगण्यासाठी मुलाचा आधार लागतो हे तिथे गृहीत आहे, पण त्यासाठी मुलाच्या पगाराला कात्री लागत नाही, उलट आईला दवाखाना मिळतो.

हे सगळं नोकरी मिळाली तर. नाही मिळाली तर काय? अटीत ‘यांपैकी जे आधी घडेल’ असे शब्द आहेत. म्हणजे पोरगा पंचविशीचा झाला आणि एक रुपयाही कमवत नसला तरी आईचा लाभ थांबू शकतो. पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत अभ्यासिकांमधून बसलेली पोरं बघा. लातूर, बीड, परभणी, गडचिरोली, कुठून कुठून आलेली. पदवी कधीच झालेली, वय सत्तावीस-अठ्ठावीस, घरून पैसे येतात. एमपीएससीला खुल्या वर्गासाठी वयोमर्यादा ३८ आहे, राखीव वर्गांसाठी ४३. अडतिसाव्या वर्षापर्यंत तू उमेदवार आहेस, प्रयत्न कर, असं जे राज्य त्याला सांगतं तेच राज्य त्याच्या आईला सांगतं की तुझा मुलगा पंचवीसचा झाला, आता तो तुला सांभाळेल. दोन्ही विभाग मंत्रालयात एकाच छपराखाली आहेत.

आणखी एक कात्री त्याआधीच लागलेली असते. बालसंगोपन योजनेतून एकल पालकाच्या मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात. कोविडनंतर कितीतरी विधवांच्या घरात या पैशांवर वह्या-पुस्तकं आणि बसचे पास निघाले. तो लाभ अठराव्या वाढदिवसाला संपतो. डिसेंबरात जन्मलेल्या पोराचा अठरावा वाढदिवस बारावीच्या ऐन वर्षात येऊ शकतो, बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर असताना. क्लासची फी, परीक्षेची फी, प्रवेश परीक्षांचे अर्ज, सगळा खर्च पुढे आणि पैसे बंद. शिक्षणाचं वर्ष जूनला सुरू होतं आणि मे महिन्यात संपतं, हे शाळा चालवणाऱ्या सरकारला सांगावं लागू नये.

आता लोक यावर काय करतात ते बघू, कारण नियमाची खरी परीक्षा तिथे होते. तहसील कचेरीच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेतू केंद्रात अर्धा तास उभं राहिलात तरी सगळं कानावर पडतं. मुलाचं नाव रेशन कार्डातून कमी करून घ्या, म्हणजे उत्पन्न धरणार नाहीत. विभक्त कार्ड काढा. स्वयंघोषणापत्रात ‘मुलगा शिक्षण घेत आहे’ लिहा, मुक्त विद्यापीठात नाव घालून ठेवा, ओळखपत्र तरी दाखवता येईल. कंत्राटदाराला सांगा, पीएफ कापू नको, रोखीने दे. तलाठ्याला चौकशीत हे सगळं कळतं. तोही माणूस आहे, त्याला त्या घराची परिस्थिती माहीत असते, तो डोळेझाक करतो आणि दाखल्यावर वीस-एकवीस हजारांचा आकडा लिहिला जातो. महाराष्ट्रात महिना १,७५० रुपयांवर अख्खं कुटुंब जगतं, असं प्रमाणित करणारे दाखले दर वर्षी ढिगाने निघतात. देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, लाभ मंजूर करणाऱ्या समितीला ठाऊक.

या सगळ्यात फसतं कोण? खरं बोलणारं. ‘हो साहेब, मुलगा लागला कंपनीत’ असं अभिमानाने सांगणारी बाई. आपल्याकडे मुलगा कामाला लागला की आई शेजारी पेढे वाटते. तिला कोण शिकवणार की ही बातमी सरकारपासून लपवायची असते?

आणि डोळेझाकीचे दिवसही आता सरत आले आहेत. आधार, पॅन, पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा क्रमांक), रेशनची ई-केवायसी, सगळं एकमेकांना जोडलं जातंय. लाडकी बहीणमध्ये २०२५ साली पडताळणी झाली तेव्हा सव्वीस लाखांहून जास्त नावं अपात्रतेच्या यादीत असल्याचं सरकारनेच सांगितलं. मग ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. खोटे लाभार्थी गेले पाहिजेत, त्यात दुमत नाही. पण तलाठ्याच्या नजरेत जी दयामाया होती ती संगणकात नसते. मुलाचा यूएएन तयार झाला की पुढचं आपोआप घडू शकतं. नियम वाईट असला तरी अंमलबजावणी ढिली म्हणून इतकी वर्षं चाललं. अंमलबजावणी कडक होणार असेल तर नियम आधी शहाणा करायला हवा, आणि घाई इथे आहे.

मला सर्वांत जास्त खटकतं ते पुढेच. चाकणची ती नोकरी किती दिवसांची? कंत्राटदार सहा महिन्यांनी, अकरा महिन्यांनी ब्रेक देतो. ऑर्डर कमी झाल्या की आधी कंत्राटी पोरं घरी जातात. मुलगा परत सोलापूरला येतो. आता आईचे १,५०० परत सुरू होतात का? आपोआप तर नाहीच. नवा अर्ज, नवा उत्पन्नाचा दाखला, त्यासाठी तलाठ्याची चौकशी, मग तालुका समितीची बैठक, ती कधी होते कधी लांबते, मग मंजुरी, मग बँक खात्याशी आधार जोडलेला आहे का ते बघणं. यात चार महिने गेले तरी कुणी आश्चर्य करत नाही. तोडायला एक नोंद पुरते, जोडायला एक फाइल लागते. पगार महिन्या-महिन्याला वर-खाली होतो आणि पात्रता मात्र वर्षाच्या दाखल्यावर ठरते, त्यामुळे अस्थिर नोकरी घेणं हाच त्या घरासाठी मोठा जुगार होतो. शहाणी आई मग मुलाला म्हणते, जवळच बघ काहीतरी, रोखीने मिळतंय ना, पुरे आहे. पोरगा पीएफविना, विम्याविना, अनुभवाच्या कागदाविना गावातच राहतो. कौशल्य विकासाच्या मेळाव्यांवर जो खर्च होतो तो असा घरातूनच पाण्यात जातो.

त्या कौशल्य विकासाचीही गंमत आहे. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ, पदवीधराला दहा हजार विद्यावेतन. आधी सहा महिन्यांसाठी होती, नंतर अकरा महिन्यांची केली. योजना चांगली आहे, पोरांना कार्यालयात बसायला मिळालं. पण पदवीधराचे सहा महिन्यांचे साठ हजार कुटुंबाचं उत्पन्न म्हणून धरले तर ते निराधारच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट होतात, आणि शहरातल्या प्राधान्य कुटुंबाच्या ५९,००० च्या मर्यादेलाही मागे टाकतात. सरकारने एका हाताने मुलाला दिलेलं विद्यावेतन दुसऱ्या हाताने आईकडून वसूल होऊ शकतं. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, कुणाच्या लक्षातच आलेलं नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

आपल्याकडे दुसरा विचार कुणी केलाच नाही असं मात्र नाही. केलाय, आणि सरकारनेच. ओबीसींच्या नॉन-क्रीमी लेयरचं प्रमाणपत्र काढताना आठ लाखांची मर्यादा फक्त आई-वडिलांच्या उत्पन्नाला लागते. भावाचा पगार, बहिणीचा पगार, उमेदवाराचा स्वतःचा पगारही धरत नाहीत. आर्थिक दुर्बल घटकाच्या, म्हणजे ईडब्ल्यूएसच्या दाखल्यात उमेदवार, त्याचे आई-वडील, त्याचा जोडीदार, अठराच्या आतली भावंडं आणि मुलं एवढं कुटुंब. कमावता सज्ञान भाऊ त्यात नाही. लाडकी बहीणच्या शासन निर्णयात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं-मुली, वय कितीही असो. रेशन कार्डावर ज्यांची नावं ती सगळी घरातली. आणि निराधारला मुलगा पंचविशीपर्यंत. एकाच तहसील कचेरीत, एकाच दिवशी, एकाच घरातला माणूस तीन टेबलांवर गेला तर त्याचं कुटुंब तीन आकारांचं होऊन बाहेर पडतं. आणि जिथे अर्जदार बऱ्यापैकी सुस्थितीतला असू शकतो, आठ लाखांपर्यंतचा, तिथे सज्ञान मुलाचा पगार माफ आहे. जिथे अर्जदार अगदी तळाला आहे तिथे तो पै-पैने मोजला जातो. याचं समर्थन कसं करायचं ते मला सुचत नाही.

ही चूक करणारे आपण पहिले नाही. १९३१ साली मंदीच्या तडाख्यात ब्रिटनच्या सरकारने, विम्याचा हक्क संपलेल्या बेकारांच्या भत्त्याला कुटुंबाच्या उत्पन्नाची चाचणी लावली. कोळशाच्या खाणीतून, कापडगिरणीतून काढलेल्या बापाचा भत्ता ठरवताना घरातल्या कमावत्या मुलामुलींचा पगार मोजला जायचा. तपासनीस घरात येऊन सामानसुमान बघायचे. परिणाम काय झाला? सतरा-अठरा वर्षांची मुलगी दुकानात कामाला लागली की बापाचे पैसे कापले जायचे. मग ती पोरं घर सोडून दुसरीकडे भाड्याने राहायला जायची, निदान तसं दाखवायची. घरात बाप पोरांच्या जिवावर जगतोय ही नामुष्की वेगळीच. त्या ‘मीन्स टेस्ट’विरुद्ध मोर्चे निघाले, कामगार वस्त्यांत तो शब्द शिवीसारखा झाला. शेवटी १९४१ साली, महायुद्ध चालू असताना, वेगळा कायदा करून कुटुंबाच्या उत्पन्नाची ती चाचणी मोडीत काढली. बॉम्ब पडत असताना ज्या देशाला हे करायला वेळ मिळाला, त्याने त्याची किंमत ओळखली होती म्हणायची.

आजच्या ब्रिटनमध्ये आईच्या युनिव्हर्सल क्रेडिटमधून, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्यातून, घरात राहणाऱ्या सज्ञान मुलाचा पगार वजा होत नाही. मूल एकविसाव्या वर्षानंतरही घरात राहत असेल तर घरभाड्याच्या मदतीतून एक ठरावीक रक्कम कमी होते, पगार कितीही असो. मुलाच्या नावाने मिळणारे पैसे शिक्षण चालू असेल तर एकोणिसाव्या वाढदिवसानंतर येणाऱ्या ३१ ऑगस्टपर्यंत मिळू शकतात, म्हणजे तारीख शाळेच्या वर्षाला बांधलेली. सोळा-सतराव्या वर्षी शिक्षण सोडून कामाच्या शोधात नाव नोंदवलं तर बालभत्ता आणखी वीस आठवडे चालू राहू शकतो. तिथेही भोकं आहेत. मुलाने कॉलेजऐवजी पगारी उमेदवारी पत्करली की ते ‘शिक्षण’ धरत नाहीत आणि आईचा बालभत्ता बंद होतो, त्यामुळे गरीब घरातली पोरं काम शिकण्यापासून मागे खेचली जातात अशी तक्रार तिथे आहेच. म्हणजे शिक्षण संपण्याचा क्षण कुठल्याही देशात नाजूकच. फक्त तो क्षण नाजूक आहे याची दखल त्यांच्या नियमांनी घेतली आहे.

आता उलट बाजू. मुलाने आईला सांभाळायचं नाही का? सांभाळायचंच. आपल्याकडे २००७ चा कायदा आहे, आई-वडिलांना मुलांकडून निर्वाह मागता येतो, न्यायाधिकरण दरमहा दहा हजारांपर्यंत द्यायला लावू शकतं. पण कायद्याने कर्तव्य लादणं आणि ते पैसे प्रत्यक्ष हातात आले असं गृहीत धरणं यात फरक आहे. मुलगा देत नसेल तर त्या बाईने पोटच्या पोरावर दावा लावायचा, वर्ष-दोन वर्षं खेटे घालायचे, आणि तोवर सरकारचेही पैसे बंद. गावाकडच्या किती आया असं करतील? आणि मुलगा देत असेल, तर देण्याबद्दल त्याच्या आईला दंड का? तीन हजार पाठवणाऱ्या पोराला शेवटी कळतं की त्यातले अठराशे त्याने सरकारचे वाचवले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. उद्या मुलगा हिंजवडीत ऐंशी हजारांवर लागला, बंगला बांधला, तरी आईला निराधारचे पैसे द्यायचे का? नाही. तो आईला आपल्या घरात ठेवून सांभाळत असेल तर ती निराधार नाही, हे कुणीही मान्य करेल. म्हणून मी सगळी चाचणी काढून टाका म्हणत नाही. अर्जदार आणि जोडीदार यांचंच उत्पन्न नेहमीसाठी मोजा. सज्ञान मुलाचा पगार पहिल्या नोकरीपासून तीन वर्षं अजिबात धरू नका, मुलगी असो की मुलगा. त्यानंतरही तो ईएसआयच्या मर्यादेच्या आत असेल, म्हणजे महिना २१,००० च्या आत, तर सोडून द्या. केंद्राने हा आकडा गरजेचा म्हणून ठरवलेलाच आहे, नवा शोधायला नको. त्यावर गेला की रक्कम टप्प्याटप्प्याने कमी करा. नोकरी सुटली तर नव्या अर्जाशिवाय, पीएफच्या नोंदीवरूनच, लाभ परत सुरू करा. ज्या नोंदीवरून बंद करता येतं त्याच नोंदीवरून चालू करता येणार नाही असं तंत्रज्ञानात काही नाही.

मुलीच असलेल्या आईला जी सवलत आहे ती काढून घेऊ नये, हे वेगळं सांगतो. कारण समानतेच्या नावाखाली असल्या सवलती आधी जातात. ती सवलत मुलाच्या आईलाही द्या, एवढंच. आणि नियम लिहिणाऱ्यांनी एकदा बघावं की आज आईला पैसे पाठवणाऱ्यांत मुलीही किती आहेत. नर्सिंग करून मुंबईत लागलेल्या, बीपीओत रात्रपाळी करणाऱ्या, लग्न झाल्यावरही नवऱ्याला न सांगता माहेरी पाचशे-हजार धाडणाऱ्या. ‘सासरी गेली म्हणजे संपलं’ हे आता नियमात तरी राहू नये.

बालसंगोपनचा बदल सर्वांत सोपा. अठराव्या वाढदिवसाऐवजी मूल शिकत असलेल्या वर्षाचा ३१ मे. इतक्या लहान दुरुस्तीला समिती नेमायची गरज नाही.

पैशांचं काय, असं अर्थ खातं विचारेल. विचारायलाच हवं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकट्या लाडकी बहीणसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती, अडीच लाखांपर्यंतच्या घरांसाठी. तेवढी मर्यादा परवडते असं ज्या राज्याने ठरवलं, त्याला चौदा हजारांच्या कंत्राटी पोराच्या आईचे १,५०० जड होतात हे पटत नाही. पैसा नाही, असा हा प्रश्नच नाही. तो कुणाच्या घरी जातो, हा प्रश्न आहे. शिवाय, पोरगा पीएफवर आला, सरळ पगारावर आला, पुढे कर भरू लागला, तर राज्याकडे काही परतही येतं. रोखीच्या कामात लपून राहिला तर काहीच येत नाही, आणि आईचे १,५०० तर तेव्हाही जातच असतात, दाखल्यावरच्या त्या एकवीस हजारांच्या जोरावर.

२१,००० चा तो आकडा वाढवायला हवाच, आणि महागाईशी बांधायला हवा; त्याची मागणी अधूनमधून होते, आश्वासनंही मिळतात. पण तो पन्नास हजार केला तरी या लेखातला प्रश्न सुटत नाही. पन्नास हजार म्हणजे महिना साधारण चार हजार. चाकणला पहिल्या दिवशी लागलेला कुठलाही पोरगा ती रेघ ओलांडतोच. आकडा कितीही हलवला तरी, जोवर पोराचा पगार आईच्या रकान्यात भरला जातो, तोवर आयटीआयचा निकाल लागल्यावर त्या घराला दोन हिशेब करावे लागणार: एक घरात खरा, आणि एक सेतू केंद्रातल्या अर्जावर.